रोज सात अळ्या

आमच्या महाराजांना कुणी "काही उपाय सांगा" म्हटलं की ते चिडत. वऱ्हाडात पूजा सांगणाऱ्याला महाराज म्हणायची पद्धत आहे, तेव्हा ते महाराज. नाहीतर ऐश्वर्य म्हणावं असं त्यांच्याकडे एक जुनी सायकल आणि दोन डेझर्ट कूलर, त्यातला एक बंद. मुलीचं लग्न जमत नाही, दुकान चालत नाही, पोटात दुखतं, असं काहीही घेऊन लोक त्यांच्या ओट्यावर येत. महाराज शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "उपाय डॉक्टरपाशी असते, वकिलापाशी असते. माझ्यापाशी पूजा हाय. करायची असन तं करतो, पण तिच्यानं पोट दुखाचं थांबणार नाई." एवढं ऐकल्यावर कोण पूजा करून घेणार? स्वतःच्या धंद्याचं इतक्या निष्ठेने नुकसान करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

दहाव्याच्या दिवशी घाटावर कावळा पिंडाला शिवला नाही की घरच्यांचा जीव वरखाली होतो. मेलेल्याची काय इच्छा राहिली असेल, यावर कुजबूज सुरू होते. कुणी म्हणतं नातवाचं लग्न, कुणी म्हणतं धाकट्याशी अबोला. अशा वेळी चार शब्द बोलून वजन वाढवायची इतर भटजींना सवय असते. महाराज मात्र पंच्याने घाम पुसत म्हणायचे, "इच्छा-बिच्छा काई नाई बापा. कावळ्याले भूक लागली का येते. थोडं मांगं सरका, अन् ते कुत्रं हाकला."

अकोल्यात जठारपेठेत त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहत होते. शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून ते मला मॅडम म्हणत आणि वाद घालायला हक्काचं माणूस मानत. त्यांची एक सवय मला पहिल्या आठवड्यातच कळली. कुणाला काहीही दिलं, अगदी कढीपत्त्याची काडी दिली, तरी ते पळीभर पाणी तळहातावरून सोडत आणि "न मम" म्हणत. म्हणजे हे आता माझं नाही. रद्दीवालाही त्यांच्या दारात पाणी सुटेपर्यंत तराजू धरून उभा राहायचा. मी हसले तर म्हणाले, "मॅडम, वस्तू दिली तरी जीव तिच्यात अडकूनच राहते. पाणी सोडलं का सुटते."

एका एप्रिलमध्ये त्यांच्या अंगणातल्या निंबाच्या ढोलीतून पिंगळ्याचं पिल्लू खाली पडलं. कावळ्यांनी त्याचा एक पंख फाडला होता. आता पिंगळा म्हणजे घुबडाचाच धाकटा भाऊ. तो घरावर बसला की लोक घाबरून शांती करायला महाराजांनाच बोलवायचे. त्याच जातीचं पिल्लू महाराजांनी पंच्यात गुंडाळून घरात आणलं आणि बंद पडलेल्या कूलरच्या पत्र्याच्या सांगाड्यात गवत घालून ठेवलं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, डोक्याला हात लावून बसल्या. "यजमानाईले कळलं तं कोन पाय ठेवून घेईन तुमाले दारात?" महाराज म्हणाले, "मंग सांगू नको कोनाले." ओळखीच्या वनरक्षकाला तेवढं विचारलं, तो म्हणाला, उडायला लागलं की सोडून द्या.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला किडे घाला, वरणभात घातला तर मरेल. इथे माझी चूक झाली. कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पन्नासेक अळ्या आणून दिल्या. पिवळसर, बोटाच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या, गव्हाच्या कोंड्यात राहणाऱ्या, पाण्याऐवजी गाजराचा काप खाणाऱ्या. पक्ष्यांसाठी आणि माशांसाठी लोक या घरी वाढवतात. अळीचा कोष होतो, कोषाचा काळा भुंगा होतो आणि भुंगे अंडी घालतात, हे मी फळ्यावर लिहावं तसं समजावून सांगितलं. महाराजांनी ते वेदमंत्रासारखं पाठ केलं आणि निम्म्या अळ्या वाढवायला बाजूला काढल्या.

मे महिन्यात अकोल्याला माणसं भाजतात, तिथे अळ्यांचं काय? त्या मरू नयेत म्हणून चालू कूलरसमोरची जागा त्यांना मिळाली आणि महाराज ओट्यावर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसू लागले. पूजेत आलेले गहू दळून आणायचे आणि कोंडा अळ्यांना घालायचा. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारा हा माणूस सकाळ-संध्याकाळ चिमट्याने एकेक अळी पिंगळ्याच्या चोचीत देई आणि प्रत्येक अळीमागे पाणी सोडी. "तुम्हाला पाप नाही का लागत?" मी विचारलं. "त्यानं खाल्लं तं तो आहार. म्या मारलं तं तो वध. मी मधातला माणूस, मले फक्त पाणी सोडाचं काम." पिंगळा मात्र गोल डोळे करून त्यांच्याकडे असा बघे, जणू हिशेब त्याला पटलेला नाही. मधले बरेच दिवस अळ्या कमी पडत. तेव्हा महाराज मत्स्यालयाच्या दुकानातून आणत, नाहीतर सायकलवर बाहेर जाऊन नाकतोडे धरत.

आषाढ संपता संपता एका संध्याकाळी पिंगळा सांगाड्याच्या कडेवर बसला, मान दोनदा खालीवर केली आणि निंबावर गेला. तिथून शेजारच्या गच्चीवर, तिथून दिसेनासा झाला. महाराज बराच वेळ वर बघत राहिले. मग आत येऊन त्यांनी पळीभर पाणी सोडलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

आणि बरोबर त्याच आठवड्यात वाढवायला ठेवलेल्या अळ्यांची नवी पिढी तयार झाली. खाणारा गेला आणि ताट भरून आलं. एका डब्याचे चार झाले, चाराचे बारा. स्वयंपाकघरातले श्रीखंडाचे डबे संपले, तेव्हा लाडवांचा पितळी डबा गेला आणि काकूंचा संयमही. त्या म्हणाल्या, "महालक्ष्म्या बसाच्या आत हे घरातून गेलं पाह्यजे. नाईतर मी अमरावतीले पोराकडे जातो, अन् सोळा भाज्या तुमी अन् तुमच्या अळ्या मिळून करा." महालक्ष्म्यांना, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींना, जेमतेम तीन आठवडे होते.

मी सोपा मार्ग सांगितला, उकळतं पाणी. महाराजांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे कधी तो विषय काढला नाही. नालीत सोडायलाही ते तयार नव्हते. रानात सोडाव्या तर बाहेरून आलेला किडा रानात सोडू नये, हे मीच त्यांना शिकवून बसले होते. एक डबा घेऊन ते एसटीने अमरावतीला गेले, मुलाच्या घरी मत्स्यालय आहे म्हणून. मूर्तिजापूरच्या आसपास झाकण सैल झालं, आणि शेजारच्या बाईंनी "महाराज, तुमच्या शेवया चालून राहिल्या" म्हणत किंकाळी फोडली. उरलेला प्रवास महाराजांनी उभ्याने केला. सुनेने डबा घेतला, पण पुन्हा येताना फोन करून या म्हणाली.

अशा टेकीला आलेल्या अवस्थेत ते एका वकीलसाहेबांकडे सत्यनारायण सांगायला गेले. आरती झाल्यावर वकीलसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "महाराज, एक केस अडकली हाय. काही उपाय?" महाराजांनी तोंड उघडलं ते नेहमीचं उत्तर द्यायला. पण समोर काचेच्या पेटीत हातभर लांब मासा फिरत होता. आणि ज्या तोंडातून तीस वर्षं उपाय निघाला नव्हता, त्या तोंडातून निघालं, "माशाले रोज सात अळ्या घाला. डबा मी आणून देतो."

त्या संध्याकाळी मला सांगताना ते खूश होते आणि थोडे ओशाळलेलेही. "सातच का?" मी विचारलं. "आठ म्हटलं असतं तं कोनी विश्वास ठेवला असता का?"

मग धरण फुटलं. कुणाकडे पोपट, कुणाकडे लव्हबर्ड, कुणाकडे कोंबड्या. लग्नासाठी सात अळ्या, नोकरीसाठी सात अळ्या. बिनापाखराच्या घरांना गच्चीवर चिमण्यांना घालायला सांगितलं. आमच्या दारात रोज सकाळी फुलं आणि बेल घेऊन येणारी शेवंताबाई होती. गावाबाहेर तिच्या घरच्यांचा फुलांचा आणि भाजीचा मळा, आणि मोर्णा नदीच्या घाटाजवळ तिची फुलांची टोपली. तिचा खोकला महिनाभर जात नव्हता. तिने उपाय विचारला तेव्हा महाराज म्हणाले, "घाटावरच्या कावळ्याईले घाल." अकरा घरांत अकरा डबे गेले, प्रत्येकावर पाणी सुटलं, आणि महालक्ष्म्या निर्मळ घरात बसल्या. काकूंनी पुरणपोळी वाढताना महाराजांना आग्रह केला, हे मी प्रथमच पाहिलं.

दिवाळी झाली आणि एके सकाळी ओट्यावर एक बाई श्रीखंडाचा डबा घेऊन आल्या. मागोमाग दुसऱ्या. झालं होतं असं, की महाराजांनी हाताने दिलेली, पाणी सोडलेली वस्तू लोकांना टाकवेना. ती सगळ्यांनी प्रसादासारखी सांभाळली होती. पाखराला सात घालायच्या त्या घातल्या, पण उरलेल्यांना कोंडा, गाजर सगळं वेळेवर. एकीने तर डबा देवघराशेजारी ठेवून वर हळदकुंकू वाहिलं होतं. अळ्यांनी आपलं काम केलं होतं.

"महाराज, वाढल्या," बाई अभिमानाने म्हणाल्या.

"दान दिलेलं परत घेता येत नाई, बाई," महाराज घाईने म्हणाले.

"ते तुमचं दान आमच्यापाशीच हाय. ह्या आमच्या घरी झालेल्या. शिध्यात आनल्या." आणि त्यांनी गहू, गूळ, डाळीच्या शेजारी डबा मांडला. शिधा नाकारायचा नाही, हा महाराजांचा तीस वर्षांचा नेम. पंधरा दिवसांत त्यांच्या ओट्यावर चौदा डबे जमले. मी वरच्या जिन्यात बसून पोट धरून हसले. काकूंनी अमरावतीची पिशवी भरायला घेतली.

हसू थांबलं ते शेवंताबाईमुळे. एरवी पुडी कडीला अडकवून निघून जाणारी ती मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी फुलं द्यायला आली आणि ओट्याला धरून उभी राहिली. खोकला थांबेना. लुगडं अंगावर सैल झालेलं. महाराज म्हणाले, "अजून खोकून राहिली? डॉक्टरले दाखवलं का नाई?"

"कायले? तुमचा उपाय चालू हाय ना. एक दिवस खाडा नाई केला."

महाराजांच्या हातातली फुलांची पुडी तशीच राहिली. त्यांचा चेहरा मी जिन्यातून पाहिला, आणि पुन्हा पाहावा लागू नये असं वाटलं. त्यांना एका घरी पूजेला जायचं होतं, सोवळं नेसलेले होते. तसेच ते रस्त्यावर गेले, ऑटो थांबवला, शेवंताबाईला बसवलं आणि दवाखान्यात नेलं. पूजेचे लोक वाट बघत राहिले. तपासण्या झाल्या, क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, औषधाने बरी होईल, पण इतके दिवस काय करत होतात? शेवंताबाई सांगायला लागली, तेव्हा महाराजांनी तिला थांबवलं आणि स्वतः सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना काय ऐकवलं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

त्या रात्री महाराज जेवले नाहीत, झोपलेही नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक घर, असं त्यांनी सुरू केलं. मी म्हटलं, "महाराज, ती बरी होईल. बाकीच्यांचं कुठे काय बिघडलंय? कशाला सांगत फिरता?" ते चपला घालत म्हणाले, "अळ्या दिल्या तवा पाणी सोडलं म्या मॅडम. शब्दावर पाणी सोडता येत नाई. तो माझाच राहते." 

घरोघरी ते एकच वाक्य बोलले, "म्या तुमाले उपाय सांगतला तो खोटा होता, माझ्या घरी किडे जास्ती झाले होते." वकीलसाहेब हसून म्हणाले, "महाराज, केस तं जिंकलो ना आपण!" महाराजांना त्या हसण्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला. एका घरी चहा समोर आलेला परत आत गेला. हळदकुंकू वाहणाऱ्या बाईंनी दार लावून घेतलं. चार घरं कायमची सुटली. त्यांनी दुसरा पुरोहित पाहिला, जो उपायांची हातभर लांब यादी मोबाइलवर पाठवत असे. काकूंनी मात्र भरलेली पिशवी रिकामी केली. "बरं झालं, सांगून आले ते," मला म्हणाल्या. "आता घोरतीन तरी."

शेवंताबाईला सांगायला ते शेवटी गेले. ती गोळ्या घेऊन घाटाजवळ टोपली मांडून बसली होती, भोवती कावळ्यांची शाळा. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी खोटं सांगतलं असन महाराज, पन हे कावळे तं खरे हायेत. आता त्याईले काय सांगू?"

त्यातून सगळ्या डब्यांचा प्रश्न सुटला. महाराज रोज सकाळी सायकलला पिशवी अडकवून घाटावर जाऊ लागले. आधी शेवंताबाईला विचारायचं, "गोळी घेतली का?" तिने जीभ दाखवायची, मग डबा उघडायचा. आठेक महिन्यांत ती खडखडीत बरी झाली, तरी नेम चालूच राहिला. एकच अडचण आली. घाटावर दहावे करणारे भटजी तक्रार घेऊन आले, की तुमच्या अळ्यांची चटक लागल्यापासून कावळे पिंडाकडे बघत नाहीत, लोक तासन्‌तास उन्हात बसतात आणि मेलेल्यांच्या इच्छा काढता काढता घरात भांडणं लागतात. ज्या माणसाने आयुष्यभर कावळ्याच्या भुकेवर भिस्त ठेवली, त्यानेच ती मारून टाकली होती. मग महाराज वेळ बदलून पिंड आटोपल्यावर जाऊ लागले. कावळ्यांना ते मान्य नव्हतं. ते सायकलची वाट बघत.

दोन वर्षं असं चाललं. गेल्या श्रावणात महाराज चार दिवसांच्या तापाने गेले. आजारपणात त्यांनी काही सांगितलं असेल तर एवढंच, की डब्यातलं गाजर बदला.

दहाव्याला काकू हट्टाने घाटावर आल्या, म्हणून मीही गेले. अमरावतीहून आलेल्या मुलाने पिंड ठेवला. तरुण गुरुजी मंत्र म्हणून बाजूला झाले. समोरच्या झाडावर वीसेक कावळे बसले होते, आणि एकही खाली येईना. अर्धा तास झाला, तास झाला. मुलगा हात जोडून म्हणाला, आईला अमरावतीला नेईन. कावळे बसून. सून म्हणाली, आम्ही मत्स्यालय नीट सांभाळू. कावळे बसून. गुरुजी हळूच म्हणाले, काही मोठी इच्छा दिसते. काकू आळीपाळीने पिंडाकडे आणि कावळ्यांकडे बघत होत्या. ज्या माणसाने त्यांच्यापासून एक गोष्ट लपवली नाही, त्याची कुठली इच्छा आपल्याला कळली नाही, याचं त्यांना दुःख होतं. मला ते बघवेना.

तेवढ्यात टोपलीमागून शेवंताबाई उठली. हातात श्रीखंडाचा डबा. कुणाला विचारलं नाही. गुरुजी "अहो, अहो" करेपर्यंत ती पिंडाजवळ वाकली, मोजून सात अळ्या ठेवल्या, नदीचं ओंजळभर पाणी घेऊन सोडलं आणि बोबडं का होईना, "न मम" म्हणाली. ती मागे सरली न सरली, तोच पहिला कावळा उतरला. त्याने एक अळी उचलली, दुसरी उचलली. तिसरी पिंडावर चढली होती. तिच्यासाठी त्याने चोच मारली, आणि भाताचं शीत घेऊन उडाला.

 गुरुजी गोंधळले. पिंडाला शिवला म्हणायचा, की अळीला? त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने काकूंकडे, आणि काकूंनी, का कोण जाणे, माझ्याकडे. मी विज्ञानाची बाई. तिथे जे घडलं होतं ते मला स्वच्छ दिसलं होतं, आणि ज्याच्या दहाव्याला उभी होते त्याच्यासमोर खोटं बोलायची माझी छाती नव्हती.

"कावळ्याले भूक लागली होती," मी म्हटलं.

काकूंनी पदर तोंडाला लावला. दहा दिवसांत त्या पहिल्यांदा रडल्या, आणि रडता रडताच गुरुजींना म्हणाल्या, "झालं मंग. उचला आता."